अ‍ॅथलेटिक कुणाला म्हणायचं?

लग्नाच्या वेबसाईटवर बॉडी टाईप नावाचा एक रकाना असतो, घरात लग्नाचं कुणी असेल तर तुम्हाला तो पाठच असणार. स्लिम, अ‍ॅव्हरेज, अ‍ॅथलेटिक, हेवी. यातल्या तिसऱ्यावरनं सध्या माझं आणि माझ्या सोलापूरच्या मामींचं वाजलंय. भांडण असं नाही, मामींशी कोण भांडणार, पण लीड्सहून व्हॉट्सअ‍ॅप कॉलवर जेवढं तावातावानं बोलता येतं तेवढं बोलून झालंय.

झालं काय की मामेबहिणीचं प्रोफाईल ‘तू तिकडं असतीस, जरा इंग्लिश बघून दे’ म्हणून माझ्याकडं आलं. पोरगी खो-खोत राज्य पातळीपर्यंत खेळलेली, त्यामुळं मी काही विचार न करता अ‍ॅथलेटिकवर टिक केलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मामींनी ते काढून अ‍ॅव्हरेज केलेलं. का, तर ‘लोकांना वाटंल पोरगी दांडगी आहे. स्लिम म्हणता येत नाही, मग अ‍ॅव्हरेज बरं की.’ आणि त्याच वेळी मुलांची जी स्थळं येतायत ती उघडून बघा, सगळे अ‍ॅथलेटिक! एकाच्या फोटोत शर्टाचं पोटावरचं बटण रडकुंडीला आलंय, कॉलम मात्र अ‍ॅथलेटिक. त्याला कुणी विचारत नाही की बाबा तू शेवटचा पळालास कधी, लोकल पकडायला तरी?

आता इंग्रजांचा मक्ता मी घेतलेला नाही, पण इथं राहून रोज ऐकते म्हणून सांगते. अ‍ॅथलेटिक म्हणजे ज्याच्या अंगात ताकद, चपळाई आणि दम आहे, जो खेळात किंवा अंगमेहनतीत भारी पडतो तो. ते दिसण्यावरनंही म्हणतात, अ‍ॅथलेटिक बिल्ड म्हणजे कमावलेलं, सणसणीत अंग. पण त्याचा अर्थ तो माणूस अ‍ॅथलेटिक्स करतोच असा नाही. इथं अ‍ॅथलेटिक्स म्हणजे आपल्यासारखंच धावणं, उड्या, गोळाफेक, भालाफेक. अमेरिकेत शाळा-कॉलेजातल्या सगळ्याच खेळांना मिळून तसं म्हणतात. म्हणजे टेनिसवाला, पोहणारा, खो-खोवाली, सगळे अ‍ॅथलेटिक असू शकतात. आणि ‘हॉबी : अ‍ॅथलेटिक’ असं मात्र लिहू नका हो, ते विशेषण आहे, त्याच्यापुढं कुणीतरी पाहिजे. बाकी आपण मधे एक जास्तीचा ए घालून अ‍ॅथेलेटिक म्हणतो ते सोडून द्या, इथलेही पुष्कळ जण ट्रायथलॉनचं ट्रायथॅलॉन करतात.

स्पोर्टी वेगळं. स्पोर्टी म्हणजे ज्याला खेळायची आवड आहे. ऑफिसात नवीन आलेल्याला विचारतात, आर यू स्पोर्टी, म्हणजे वीकेंडला काही खेळतोस का. आवड असली म्हणून येतंच असं नाही, त्यामुळं स्पोर्टी असून अजिबात अ‍ॅथलेटिक नसलेले लोक भरपूर भेटतात. गाडीपण स्पोर्टी असते, बुटपण. फिट म्हणाल तर जपून. फिट म्हणजे तब्येतीनं ठणठणीत हे झालंच, पण इथली तरुण पोरं ‘ही इज फिट’ म्हणतात तेव्हा तो दिसायला जबरी आहे असं म्हणत असतात. मामींनी एका स्थळाबद्दल ‘फिट आहे’ असा मेसेज पाठवला तेव्हा माझ्या मुलीनं फोन माझ्या हातातनं ओढून घेऊन फोटो बघितला.

आणि ते स्पोर्टिव्ह! यावर मला जरा सविस्तर बोलायचंय. मामींचा तडजोडीचा प्रस्ताव असा होता की अ‍ॅथलेटिक नको, ‘अबाऊट मी’मधे स्पोर्टिव्ह नेचर लिहू. आपल्याकडं शाळेपासून हे डोक्यात बसलंय, टेक इट स्पोर्टिव्हली, बी स्पोर्टिव्ह, म्हणजे हरलास तरी रडू नकोस, चिडवलं तरी चिडू नकोस. प्रत्येक गॅदरिंगला प्रत्येक मास्तर हे म्हणायचे. डिक्शनरीत स्पोर्टिव्ह म्हणजे खेळकर, थट्टेखोर असा जुनाट अर्थ आहे, तो बोलण्यात कुणी वापरत नाही. आपल्याला जे म्हणायचं असतं त्याला इथं म्हणतात स्पोर्टिंग, किंवा सरळ, शी इज अ गुड स्पोर्ट. आणि गंमत म्हणजे यॉर्कशायरमधे स्पोर्टिव्ह हे नाम झालंय! स्पोर्टिव्ह म्हणजे हौशी लोकांची लांब पल्ल्याची सायकल राईड. 2014 ची टूर द फ्रान्स लीड्समधनं सुटली होती, तेव्हापासनं तर इथं सायकलीचं वेड विचारूच नका, आणि ‘स्पोर्टिव्ह’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यापुढं टाईट चड्डीतले काका चढावर धापा टाकत सायकल मारताना येतात. म्हणजे मामेबहिणीचा नेचर असा. मामी म्हणाल्या, ‘इंग्लंडमधलं स्थळ नाही बघत आपण.’ तेही खरंच.

पण माझं डोकं फिरलं ते शब्दामुळं नाही, दांडगीमुळं. इथं शनिवारी सकाळी नऊला पार्करन असतं, बागेत जमून पाच किलोमीटर पळायचं, फुकट. 2004 मधे लंडनच्या बुशी पार्कमधे पहिल्यांदा झालं तेव्हा तेराजण पळाले होते, आता कुठल्या कुठं गेलंय. आमच्याकडं वुडहाऊस मूरवर होतं. शेवटी टेल वॉकर म्हणून एक स्वयंसेवक असतो, त्याचं काम सगळ्यात मागं राहायचं, म्हणजे तुम्ही कितीही रखडलात तरी शेवटचे तुम्ही नसता. हे ज्याच्या कुणाच्या डोक्यातनं आलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. तर तिथं एक आजी येतात, पांढरे केस, गुडघ्याला पट्टा, आणि चढावर मला अशा सहज मागं टाकतात की वळून सॉरी म्हणतात. त्यांच्याबद्दल शेवटी पळणाऱ्यांचे बारकोड स्कॅन करणारी मुलगी म्हणाली, शी हॅज ऑल्वेज बीन व्हेरी अ‍ॅथलेटिक. कौतुकानं. आजींनी मान डोलावली, हो, आहे मी. लाजणं नाही, ‘कुठलं काय’ नाही. मला ते फारच आवडलं.

आता लगेच ‘तिकडचं सगळं चांगलं’ म्हणून सुरू करू नका. इथंही बायकांच्या कपड्यांच्या सल्ल्यात अ‍ॅथलेटिक फिगर म्हणतात त्याचा अर्थ खांदे रुंद आणि कंबर नाही, आणि पुढचा सल्ला ते कसं झाकायचं याचा. घामाघूम दिसू, लोक बघतील म्हणून बायका व्यायाम टाळतात, त्यासाठी स्पोर्ट इंग्लंड या सरकारी संस्थेला 2015 मधे ‘धिस गर्ल कॅन’ नावाची मोहीम काढावी लागली. म्हणजे यांच्या मामीही आमच्याच मामींसारख्या असणार.

आणि अंगातल्या दमाचं कौतुक सोलापूरला कुणी शिकवायला नको. सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक त्या एवढ्या उंच काठ्या तोल सांभाळत पेलतात, 68 लिंगांची प्रदक्षिणा होते. त्यासाठी आधीपासून सराव चालतो. गल्लीतला जो पोरगा काठी पेलतो त्याच्याकडं सगळं गाव मान वर करून बघतं. तो खरा अ‍ॅथलेटिक, आणि त्याला तसं कुणी म्हणत नाही, गरजही नाही. फक्त हे कौतुक पोरींपर्यंत येताना कुठं अडकतं ते मला कळत नाही.

मी मामेबहिणीची एक मॅच बघितलेली आहे, सुट्टीत आले होते तेव्हा. सोलापूरचं ऊन, मैदानावर पाणी मारलेलं तेही वाळून गेलेलं. तिची पळती होती. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागं वळता येत नाही, त्यामुळं पळणाऱ्याचा सगळा खेळ हुलकावणीचा. ही खांबाजवळ जाऊन उभी राही, समोरची पोरगी सूर मारायला झेपावली की ही कमरेतनं अशी लवून आत शिरायची की हात हवेतच. पाटीवर बसलेल्या पोरींच्या मधनं एक आत, दोन बाहेर, परत आत, आणि तोंड शांत, जणू भाजी निवडतेय. अडीच मिनिटं तिला कुणी हात लावला नाही. ज्यांनी खो-खो खेळलाय त्यांना अडीच मिनिटं म्हणजे काय ते सांगायला नको. बाहेर आल्यावर दोन्ही ढोपरं सोललेली, आणि पहिला प्रश्न, दिदी, शेंगाचटणी आणलीस का घरनं? जानेवारी 2025 मधे दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, इंग्लंडची टीमही आली होती, आणि आपल्या पोरींनी फायनलला नेपाळला 78-40 हरवून कप घेतला, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यात आधी टाळ्यांचे इमोजी कुणी टाकले? मामींनी!

मी हे सगळं मामींना ऐकवलं. मामी म्हणाल्या, ‘तुझं लग्न झालंय, तुला बोलायला काय जातंय.’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मी इथं बसून शहाणपण सांगणार, फोन मामी उचलणार.

शेवटी मामेबहिणीनंच पासवर्ड बदलला, अ‍ॅथलेटिक परत टाकलं, आणि त्या बटणवाल्या अ‍ॅथलेटिक मुलाला मेसेज केला की भेटायचंच असेल तर सकाळी सहाला कंबर तलावावर ये, पळता पळता बोलू. त्यानं विचारलंय की संध्याकाळी कॅफेत भेटलं तर चालेल का. मामींचं म्हणणं, मुलगा समंजस वाटतो.