फ्लिंट ते बोमॅरिस: उत्तर वेल्सचे किल्ले, बांधले त्या क्रमाने

उत्तर वेल्सला जाणारे बहुतेक जण कॉन्वी आणि कार्नार्वन हे दोनच किल्ले करतात. दोन्ही देखणे आहेत, पण तेवढ्यावर मध्ययुगीन युरोपातला किल्ला कसकसा बदलत गेला हे हाती लागत नाही. ते पाहायचं तर सुरुवात वेल्सच्या सीमेजवळच्या चेस्टर या इंग्लिश शहरातून करावी. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने 1277 मध्ये वेल्सवर पहिली स्वारी केली, 1282-83 मध्ये दुसरी, आणि 1294 चं वेल्श लोकांचं बंड मोडल्यावर 1295 मध्ये शेवटचा मोठा किल्ला बांधायला घेतला. अठरा वर्षांच्या या टप्प्यातले किल्ले रेल्वे आणि बसने गाठता येतात. पाच दिवस हाताशी ठेवावेत. गाडी असेल तर चारांत जमतं, पण मग संध्याकाळी तटावर रेंगाळायला वेळ उरत नाही.

पहिला दिवस फ्लिंट आणि रिदलनचा. फ्लिंटचा किल्ला स्टेशनवरून चालत दहा मिनिटांवर, खाडीच्या काठाला. तिकीट नाही. चौकोनी तटाच्या एका कोपऱ्यात, पण तटापासून सुटा, स्वतःचा खंदक असलेला एक प्रचंड गोल बुरूज आहे. पायथ्याशी त्याची भिंत सुमारे 7 मीटर जाड आहे आणि त्या जाडीतूनच गोल फिरणारी वाट काढलेली आहे. बाकी सगळं पडलं तरी एवढा बुरूज लढवायचा, हा जुना विचार, आपल्या बालेकिल्ल्याचाच. हा बुरूज नीट पाहून ठेवावा, कारण एडवर्डच्या पुढच्या एकाही किल्ल्यात तो दिसणार नाही.

फ्लिंटहून रेल्वेने रिल आणि तिथून बसने रिदलन. काम सुरू झालं त्याच साली, 1277 मध्ये, पण आराखडा पार वेगळा. बालेकिल्ला नाही. एकात एक असे दोन तट, आणि आतल्या तटाच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर जोडबुरुजांचे दोन दरवाजे. सगळ्यात मजबूत जागा आतून उचलून दरवाज्यावर आणली, हा इथला खरा बदल. जहाजं थेट किल्ल्याखाली यावीत म्हणून क्लविड नदीचं पात्र तीन किलोमीटरहून जास्त लांब खोदून सरळ केलं होतं. बुरुजांच्या खालच्या भागातले घडीव दगड लोकांनी काढून नेल्यामुळे आतला चुना-दगडगोट्यांचा भराव उघडा पडलाय. तट आतून कसा भरत, हे इतकं स्वच्छ दाखवणारी जागा या वाटेवर दुसरी नाही.

किल्ल्यापासून पाच-सात मिनिटांवर टूटहिल नावाचा मातीचा उंचवटा आहे. 1073 च्या नॉर्मन किल्ल्याचा हा पाया. वर लाकडी मनोरा असे, आता फक्त गवत आहे. बरेच जण तो न बघता निघून जातात. पण मातीच्या ढिगाऱ्यापासून दुहेरी तटापर्यंतची दोनशे वर्षं एका पायवाटेवर आणखी कुठे मिळणार? रिदलन हिवाळ्यात आतून बंद असतो, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल तर तारखा आधी पाहा.

दुसरा दिवस अख्खा कॉन्वीला द्यावा. इथे थांबणाऱ्या गाड्या कमी, आणि स्टेशन विनंतीथांबा आहे: उतरायचं असेल तर गार्डला आधी सांगायचं, चढायचं असेल तर फलाटावरून हात दाखवायचा. त्यापेक्षा लॅन्डिडनो जंक्शनला उतरून पुलावरून वीस-पंचवीस मिनिटं चालत यावं. भरतीच्या वेळी समोरून येणारं किल्ल्याचं दृश्य दुसरीकडून मिळत नाही.

काम 1283 च्या मार्चमध्ये सुरू झालं आणि 1287 पर्यंत बहुतेक उरकलं. किल्ला आणि शहराचा तट मिळून खर्च सुमारे 15,000 पौंड. आठ गोल बुरूज, प्रत्येक वीस मीटरच्या वर. पण दुहेरी तट शोधू नका. कातळाचा कणा अरुंद आहे, दुसऱ्या तटाला जागाच नाही. जोडबुरुजांचा दरवाजाही नाही. दोन्ही टोकांना दरवाज्यापुढे तटबंद अंगण आहे, आत येणारा तिथे वरून माऱ्यात सापडतो. दुहेरी तट म्हणजे प्रगती आणि एकेरी म्हणजे मागासलेपण, असा हिशेब इथे चालत नाही. जमीन सांगेल तसा किल्ला, हे सह्याद्रीत फिरलेल्यांना वेगळं सांगायला नको.

कॉन्वीत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. बुरुजांच्या बाहेरच्या अंगावर मुठीपेक्षा मोठी भोकं दिसतात. ती परांचीच्या, म्हणजे बांधकामासाठी उभारलेल्या लाकडी मचाणाच्या, आडव्या लाकडांची. एरवी अशी भोकं आडव्या ओळीत असतात. इथे ती बुरुजाभोवती तिरकी चढत जातात. म्हणजे परांची उतरणीसारखी वर नेली होती आणि सामान तिच्यावरूनच चढवत. ही पद्धत आल्प्समधल्या सॅव्हॉयची. या किल्ल्यांचा मुख्य गवंडी मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज तिकडचाच. शहराचा तट 1.3 किलोमीटर लांब आणि 21 बुरुजांचा आहे; वरून फिरायला पैसे लागत नाहीत. दक्षिणेच्या बाजूला तटाबाहेर काढलेले बारा शौचकूप एका ओळीत आहेत, ते खालून पाहावेत.

तिसऱ्या दिवशी हार्लेख. बँगरहून बसने पोर्थमॅडॉग आणि तिथून रेल्वे. या मार्गावर गाड्यांत साधारण दोन तासांचं अंतर असतं, त्यामुळे परतीची वेळ आधी ठरवून मगच किल्ल्यात शिरावं. स्टेशनवरून वर जाणारा फोर्ड पेन लेख हा रस्ता भयंकर चढाचा आहे. पावसात तो टाळून वळसा घ्यावा. बाहेरचा तट बुटका, आतला उंच, आणि सगळा भर पूर्वेच्या दरवाज्यावर. वरून खाली सोडायच्या जाळीच्या तीन दरवाज्यांच्या खाचा बोळाच्या दोन्ही भिंतींत अजून बोटांनी चाचपता येतात. या दरवाज्यावरच किल्लेदाराची राहण्याची दालनं होती. 1294 च्या बंडात किल्ला टिकला तो समुद्रामार्गे आयर्लंडहून रसद येत राहिली म्हणून. आज समुद्र मागे हटलाय आणि शंभरावर पायऱ्या उतरून जाणारा पाणदरवाजा रेल्वेरुळांजवळ कोरड्या जमिनीवर उघडतो.

चौथा दिवस कार्नार्वनचा. बहुकोनी बुरूज, भिंतीत वेगळ्या रंगाच्या दगडांचे पट्टे, आणि तटाच्या पोटातून जाणारे बोगदे. बाहेरून हा सगळ्यात रुबाबदार, पण आत गेल्यावर किंग्ज गेटच्या मागच्या बाजूला नीट पाहा: भिंतीतून दगडांचे दात बाहेर आलेले आहेत. पुढची भिंत त्यांच्यात अडकवायची होती, ती बांधलीच गेली नाही. आराखड्यात इथे पाच दरवाजे आणि सहा जाळ्या होत्या. 1294 मध्ये बंडखोर आत घुसले, कारण शहराकडची बाजू तेव्हा अर्धवट होती आणि तिथे शहराच्या तटाखेरीज फारसं काही नव्हतं. भारतातून आई-वडील आले असतील तर नेमका हाच किल्ला निवडा. 2023 पासून किंग्ज गेटला लिफ्ट आहे. दुपारी बसने लॅनबेरिसला जाऊन डोल्बादार्न पाहता येतो. तो वेल्श राजा थोरला लेवेलिन याचा, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला एकटा गोल बुरूज, पहिल्या मजल्यावर दार असलेला. एडवर्डच्या माणसांनी इथलं लाकूड काढून कार्नार्वनच्या कामाला नेलं.

बोमॅरिस शेवटी ठेवावा. 1295 मध्ये सपाट दलदलीत सुरू केला, अडवायला कातळ नव्हता, म्हणून इथला आराखडा सगळ्यांत रेखीव: पाण्याचा खंदक, बाहेरचा बुटका तट, आत सुमारे 11 मीटर उंच तट आणि दोन अजस्र दरवाजे. बाहेरचा दरवाजा आतल्या दरवाज्याच्या रेषेत नाही, बाजूला सरकवलाय, त्यामुळे घुसणाऱ्याला माऱ्याखाली वळावं लागतं. गोमुखी दरवाजा पाहिलेल्याला हेतू लगेच कळतो. 1296 च्या फेब्रुवारीत मास्टर जेम्सने खजिन्याला लिहिलेल्या पत्रात 400 गवंडी, 2000 मजूर, 200 खाणकामगार, 100 गाड्या आणि 30 होड्यांचा हिशेब आहे. पैसे आटले, राजा स्कॉटलंडच्या लढाईत गुंतला आणि काम रखडलं. बुरूज बसके दिसतात ते त्यांचे वरचे भाग चढलेच नाहीत म्हणून.

गोल जिने सगळीकडे अरुंद, ओले, आणि पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पकड असलेले बूट घाला, रुंद कडेने चढा, उतरणारा दिसला तर वळणावरच्या कोनाड्यात थांबा. उजव्या हाताने तलवार चालवता यावी म्हणून जिने उजवीकडे वळतात, ही गोष्ट ऐकायला मिळेलच. तिला ठोस पुरावा नाही. जोराचा वारा असला की बुरूज बंद ठेवतात, तेव्हा निघण्यापूर्वी कादू या वेल्श वारसा संस्थेचं संकेतस्थळ पाहा. छत्री तटावर उपयोगाची नाही, रेनकोट हवा. तिकिटं वेगवेगळी काढण्याऐवजी काही दिवसांचा एकत्र पास मिळतो का ते पहिल्याच तिकीटखिडकीवर विचारा. बंद होण्याच्या अर्धा तास आधी आत सोडणं थांबतं, आणि हिवाळ्यात किल्ले 4 वाजताच बंद होतात. रविवारी बस फारच कमी, म्हणून हार्लेख आणि बोमॅरिस रविवारी ठेवू नका.