शेपटीकडून वाचायचा शब्द

जर्मन भाषेत दंतवैद्यकाला 'त्सानहाइलकुंडं' म्हणतात. एका दमात म्हणायला जावं तर आपलेच दात हलतील असं वाटतं, पण शेपटीकडून सोडवायला घेतला की शब्द मुकाट सुटतो. जर्मन जोडशब्दात घरचा कर्ता शेवटी बसतो. लिंग आणि मुख्य अर्थ तोच ठरवतो; आघात मात्र पहिल्या तुकड्यावर.

शेवटचं 'कुंडं' म्हणजे विद्या. ती स्त्रीलिंगी, म्हणून 'डी कुंडं'. चुकून पुल्लिंगी 'डेर' लावलंत तर तिचं गिऱ्हाईक होतं! दोन्ही शब्द 'ओळखीचं, माहितीतलं' या एकाच अर्थातून निघालेले, आणि संस्कृत 'ज्ञा' व आपलं 'जाणणं' यांच्या कुळातले.

'त्सान' म्हणजे दात, आपल्या 'दन्त'चा भाऊबंद. मूळच्या 'द'चा जर्मानिक भाषांत 'ट' झाला, तो इंग्रजी 'टूथ'मध्ये दिसतो. पुढे जर्मनमध्ये त्या 'ट'चा 'त्स' झाला. जुन्या रूपांत शेवटी 'ट' किंवा 'ड'ही सापडतो, तो नंतर गळाला. रोमन लिपीतला 'झेड' पाहून लोक 'झान' म्हणतात, ते चूक. मराठी माणसाला तर सबबच नाही. 'चाक'मधला 'च' काढला की काम झालं.

मधला 'हाइल' मला सगळ्यांत गोड वाटतो. बशी हातातून निसटली तरी फुटली नाही, तर ती 'हाइल' राहिली, म्हणजे धड राहिली. 'हाइलन' म्हणजे बरं करणं, मुळात धड करणं. इंग्रजीतले 'होल', 'हेल्थ' आणि 'होली' याच घरातले. नाम म्हणून 'हाइल'चा अर्थ कल्याण, तारण. ख्रिस्ताला 'हाइलांड' म्हणतात, त्यात 'तारणारा' हे जुनं कृदन्त गोठून राहिलंय. नाझींच्या सलामीतही हाच शब्द होता, त्यामुळे नुसता 'हाइल' जरा जपूनच वापरलेला बरा.

विद्याशाखेचं अधिकृत नाव आणखी लांब: त्सान-, मुंड- उंड कीफरहाइलकुंडं. दात, तोंड आणि जबडा. पहिल्या दोघांपुढे नुसती आडवी रेघ, 'हाइलकुंडं' एकदाच शेवटी. ती रेघ गाळली की दात आणि तोंड उघड्यावर पडतात.

दात दुखत असताना मात्र एवढं लांब बोलू नये. 'त्सानार्त्स्ट' शोधावा, त्यातला 'आर्त्स्ट' ग्रीक 'आर्खिआत्रोस', म्हणजे मुख्य वैद्य, यावरून आलेला. 'डेंटिस्ट' हा शब्द जर्मनीत एकेकाळी विद्यापीठाची पदवी नसलेल्या दंतकर्मींसाठी होता. 1952 च्या कायद्याने दोन्ही व्यवसाय एक केले.