दऱ्यांची दया झाली तो दिवस

“अगं, सह्याद्रीला एवढी दया कुठून आली?”

सकाळी अकराला मुद्रितशोधक बाईंचा फोन. आदल्या रात्री मी त्यांना एका मासिकाच्या जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक असलेल्या आजच्या संगणकी पद्धतीत, करून पाठवला होता. संध्याकाळी तो प्रकाशकाला द्यायचा होता. किल्ल्यांवरच्या एका लेखात ‘सह्याद्रीच्या दया उतरताना’ असं छापून आलं होतं. पुढच्या पानावर मावळ्यांच्या कमरेला ‘सुया’ होत्या. मला क्षणात कळलं. दऱ्या आणि सुऱ्या! मधला र गळाला होता. शुद्धलेखन तपासणीनं काही पकडलं नव्हतं, कारण दया आणि सुया हे दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

हे काम ज्यांनी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘राम’ साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये उघडला, तर ‘जे, के, ई’ ही तीन इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइलमध्ये फक्त आकडे असतात आणि त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले असतात. शिवाय ते आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं येतात. ‘स्थिती’मधली पहिली वेलांटी सगळ्यात आधी, मग अर्धा स, मग थ. युनिकोडला वेलांटी व्यंजनानंतर हवी. ती फक्त एक अक्षर पुढे सरकवली तर जोडाक्षर मधूनच फुटतं, म्हणून पूर्ण ‘स्थ’ ओलांडून न्यावी लागते. रफाराचं उलट. तो ‘धर्म’मध्ये म नंतर साठवलेला असतो, त्याला म च्या आधी आणायचं.

हे सगळं करणारा माझा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, ऑक या प्रोग्रामिंगच्या भाषेत होती. ऑक १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहान यांनी लिहिली, त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरूनच तिचं नाव पडलं. रकान्यांच्या याद्या इकडून तिकडे करायला मला तिच्याइतकं हलकं हत्यार अजून मिळालेलं नाही. वर्षानुवर्षं मी प्रत्येक कामाला आधी तीच काढायचे. सगळे अंक तिनं पाऊण मिनिटात उरकले होते.

घोटाळा तक्त्यात होता. कोणत्या आकड्याचं कोणतं मराठी अक्षर, तो तक्ता मी फॉन्टच्या कळफलकाच्या चित्रावरून केला होता. पण जुने टाइपिस्ट कळफलकावर नसलेली अक्षरं ऑल्ट दाबून आकडा टाकून काढायचे. दऱ्यामधला र तसाच आलेला. तो आकडा माझ्या तक्त्यात नव्हता, आणि ऑकला तक्त्यात नसलेलं काही विचारलं की ती रिकामी जागा परत देते, ना थांबते ना बोलते. द, रिकामं, या. झाली दया.

मी दुपारी जेवले नाही. पहिला विचार आला, ऑकमध्येच ‘तक्त्यात आहे का’ अशी एक तपासणी घालावी. ते एका ओळीचं काम होतं. पण ती ओळ मला आठवली तरच लिहिली जाणार, आणि काल ती आठवली नव्हतीच. पर्ल या दुसऱ्या भाषेचाही विचार केला. वेलांटी-रफाराची हलवाहलव पर्लमध्ये फार देखणी लिहिता येते, पण तिथंही तक्त्यात नसलेली गोष्ट रिकामीच होते, फार तर इशारा मिळतो, तोही इशारे चालू ठेवले असतील तर. पायथन या तिसऱ्या भाषेत अशा तक्त्याला डिक्शनरी म्हणतात. तिला चौकटी कंसात नसलेली नोंद विचारली की प्रोग्राम तिथंच बंद पडतो. मला नेमकं तेच हवं होतं.

पायथनमध्ये सगळं नव्यानं लिहिलं. पहिल्याच फाइलच्या सातव्या ओळीवर ते थांबलं, आणि खरं सांगते, इतका आनंद मला प्रोग्राम सुरळीत चालल्यावरही क्वचित झालाय. मग अनोळखी आकडे मोजून त्यांची यादी काढली. अकरा निघाले. नऊ नुसत्या वेलबुट्ट्या आणि अवतरणचिन्हं. दहावा दऱ्यामधला र, आणि अकरावा त्याचाच भाऊ, ह ला जोडायचा. त्याच्यापायी कऱ्हाडचं ‘कहाड’ आणि गुऱ्हाळाचं ‘गुहाळ’ झालं होतं.

तक्ता मी या वेळी कोडमधून बाहेर काढून साध्या फाइलमध्ये ठेवला. डावीकडे आकडा, उजवीकडे अक्षर. तो बाईंना पाठवला. त्यांना प्रोग्रामिंगचा गंध नाही, पण अक्षर त्यांच्याइतकं कुणाला दिसत नाही. वीस मिनिटांत फोन आला.

“एके ठिकाणी तू रफार दिलायस आणि हवा दऱ्यातला र. असं ठेवलंस तर दऱ्यांचा दर्या होईल बघ.”

दया सुटली, तर समुद्र आला असता! दुरुस्त केलं. हा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, खाली टिंब असलेल्या ऱ ला हलंत देऊन, किंवा साध्या र ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह लावून. दिसायला दोन्ही सारखेच, पण एकानं शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. मी पहिली पद्धत सगळीकडे ठेवली.

नव्या स्क्रिप्टला चार मिनिटं लागली. हे रूपांतर आयुष्यात एकदाच व्हायचं होतं. पाऊण मिनिट काय नि चार मिनिटं काय!

साडेसहाला बाईंनी तोच परिच्छेद फोनवर वाचून दाखवला, ‘सह्याद्रीच्या दऱ्या उतरताना’. मग मजकूर प्रकाशकाकडे गेला.

घरी मात्र मला झोप लागेना. ऑकच्या जुन्या स्क्रिप्ट काढल्या आणि ज्यांचा मूळ मजकूर माझ्याकडे शिल्लक होता, त्यांचे तक्ते एकेक करून तपासले. दोन वर्षांपूर्वी एका गावच्या ग्रंथालयाची पुस्तकसूची मी अशीच करून दिली होती. तिच्यात चार अनोळखी आकडे सापडले. सकाळी दहाला ग्रंथालय उघडतं. दहा वाजून पाच मिनिटांनी मी ग्रंथपालांना फोन लावला.