स्लॅकवेअर ३.६ वाला पेंटियम : आयआरक्यू १० नक्की कोणाचा?

माझ्या पेंटियम १३३ पीसीचं पुढचं अपडेट. स्लॅकवेअर ३.६ (लिनक्सचं डिस्ट्रिब्यूशन) व्यवस्थित बसलंय, कर्नल २.०.३५, लिलो (बूट लोडर) नीट बूट करतंय आणि आता नेटवर्कही सुरू झालं. नेटवर्कचं जरा सविस्तर लिहितो, कारण आयसा (जुने) आणि पीसीआय (त्यानंतरचे) असे दोन्ही प्रकारचे कार्ड स्लॉट असलेल्या बोर्डावर हे कोणालाही भोवू शकतं.

नेटवर्क कार्ड आयसाचं, एनई२००० या कार्डाचा क्लोन, रिअलटेक ८०१९ चिपचं, जंपर नाहीत, सगळं सेटिंग कार्डावरच्या छोट्या ईईप्रॉममध्ये (मेमरी चिपमध्ये). आलं तेव्हा आयओ पोर्ट (कार्डाशी बोलायचा पत्ता) ३०० हेक्स आणि आयआरक्यू (कार्ड प्रोसेसरला हाक मारतं ती इंटरप्ट लाइन) ३ वर होतं. ३ ही कॉम २ ची (दुसऱ्या सीरियल पोर्टची) लाइन, तिथे मोडेम. आयसावर लाइन शेअर होत नाही, जो आधी घेईल त्याची, त्यामुळे नेटवर्क कार्ड चालू असताना मोडेमचा पोर्ट उघडला की "डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी". इथपर्यंत सरळ होतं. ५ साउंडला हवा, ७ प्रिंटरचा, १२ पीएस/२ माउसचा, १४-१५ आयडीईचे, मग उरतात ९, १०, ११. डॉसच्या फ्लॉपीवरून बूट करून कार्डाच्या सेटअप युटिलिटीने १० केला, पोर्ट ३०० च ठेवला. (३६० वर नेऊ नका. हे कार्ड ३२ पोर्ट घेतं, म्हणजे ३६० ते ३७एफ, आणि ३७८ वर प्रिंटर पोर्ट आधीच बसलेला असतो.)

खरा गुंता यानंतर. मॉडप्रोबला (ड्रायव्हर मॉड्यूल लोड करणारी कमांड) आयओ आणि आयआरक्यू दोन्ही दिले, ड्रायव्हर विनातक्रार लोड झाला, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या मेसेजमध्ये) मॅक अ‍ॅड्रेससुद्धा बरोबर आला, आयएफकॉन्फिगने आयपी लावला, आणि पिंग ढिम्म, उत्तरच नाही. थोड्या वेळाने लॉगमध्ये "टीएक्स टाइम्ड आउट, लॉस्ट इंटरप्ट?" (टीएक्स म्हणजे ट्रान्समिट). हा मेसेज नुसता वाचून सोडू नका, त्यात बरंच काही आहे. ८३९० चा (एनई२००० वरच्या मूळ चिपचा) ड्रायव्हर टाइमआउट झाला की चिपचं इंटरप्ट स्टेटस रजिस्टर वाचतो, त्यात एखादा बिट लागलेला असेल तर "लॉस्ट इंटरप्ट?" म्हणतो आणि रजिस्टर कोरं असेल तर "केबल प्रॉब्लेम?". म्हणजे केबल आणि हब तपासत बसायची गरजच नव्हती, चिपने इंटरप्ट उठवला होता पण तो प्रोसेसरपर्यंत पोचत नव्हता.

प्रॉकमधली (कर्नल आपली माहिती दाखवतो ती डिरेक्टरी) इंटरप्ट्स फाइल बघितली. १० समोर एनई२००० हे नाव आणि आकडा शून्य. पिंग चालू ठेवून तीच फाइल परत परत कॅट केली, टायमरचा आकडा पळतोय, की दाबली की कीबोर्डचा वाढतोय, १० चा जागचा हलत नाही. मग मॉड्यूल काढलं आणि आयआरक्यू न सांगता फक्त आयओ देऊन लोड केलं. ही टेस्ट मला फार आवडते. आयआरक्यू सांगितला की ड्रायव्हर तो निमूट मान्य करतो, नाही सांगितला तर कार्डाकडून मुद्दाम एक इंटरप्ट उठवून घेतो आणि तो कुठल्या लाइनवर येतो ते बघतो. उत्तर आलं "फेल्ड टू डिटेक्ट आयआरक्यू लाइन".

मग प्रॉकमधली पीसीआय फाइल उघडली आणि उलगडा झाला, व्हीजीए कार्डासमोर आयआरक्यू १०! बायोसने परस्पर देऊन टाकलेला. पीसीआयचे इंटरप्ट लेव्हल ट्रिगर (दखल घेईपर्यंत सिग्नल धरून ठेवणारे), आयसाचे एज ट्रिगर (सिग्नल बदलताक्षणी मोजले जाणारे), आणि पीसीआयची लाइन १० वर वळवली की चिपसेट आयसा स्लॉटच्या १० कडे बघतच नाही. व्हीजीएसाठी कर्नल कुठलाही हँडलर (इंटरप्ट हाताळणारा कोड) लावत नाही म्हणून इंटरप्ट्स फाइलमध्ये एकट्या एनई२००० चं नाव दिसतं आणि टक्कर आहे असं कुठेच कळत नाही.

बायोसच्या पीएनपी/पीसीआय पानावर १० ला लेगसी आयसा केलं (म्हणजे आयसा कार्डांसाठी राखीव), व्हीजीएला आयआरक्यू देणं बंद केलं, रीबूट. परत फक्त आयओ देऊन लोड केलं तर "यूझिंग आयआरक्यू १०", पिंगला लगेच उत्तर, आणि १० चा आकडा पळायला लागला, काय बरं वाटलं म्हणून सांगू! आरसी.मॉड्यूल्समध्ये (बूट होताना मॉड्यूल लोड करणारी स्क्रिप्ट) एनई ३०० ची ओळ आयतीच असते, तिच्यापुढचा हॅश काढून टाकला.

आता साउंड ब्लास्टर १६ हे साउंड कार्ड. २२० हेक्स, आयआरक्यू ५, डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून थेट डेटा नेणारे चॅनल) १ आणि ५. सध्या आवाजाचा पहिलाच तुकडा गोल गोल वाजत राहतो, म्हणजे डीएमए चालतंय पण इंटरप्ट येत नाही. ५ पण लेगसी आयसा करून बघतो. एक्सच्या (ग्राफिकल डेस्कटॉपच्या) कॉन्फिगला त्यानंतरच हात लावणार.