जाताना समोरून, येतानाही समोरूनच

१९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिन, म्हणून मामाला बँकेची सुट्टी, आणि आम्ही कोल्हापूरकर मंडळी आदल्या रात्रीच पणजीत येऊन पडलेलो, मग मामाने फर्मान काढलं की सकाळी सायकलने मांडवीतलं दिवाडी बेट, तिथनं नदीपल्याडचं नार्वे गाव, अन् दीड वाजेपर्यंत परत घरी जेवायला. सात जणं होतो. तिघांच्या स्वतःच्या रोडबाईक, बाकीच्यांच्या भाड्याच्या, आणि माझी तर अशी की एक गिअर बदलायला जावं तर दोन बदलायचे.

सातला पाटो ओलांडून रायबंदरच्या बांधावर लागलो. पोर्तुगीजांनी १६३३-३४ साली बांधलेला हा तीन किलोमीटरच्या वरचा सरळसोट रस्ता, डावीकडे मांडवी, उजवीकडे मिठागरं, आडोसा कसला म्हणून नाही. ऊन डोळ्यात आणि वारा छातीवर! मी चौदाच्या वर जाईना. मामा म्हणाला, एकामागं एक चाकाला चाक लावून चला, पुढचा वारा खाईल, दोन-दोन मिनिटांनी पुढचा बदला. तसं केलं अन् खरंच मागच्याला निम्मे कष्ट. फक्त वहिनी पुढे असली की उपयोग नाही, ती एवढीशी, तिच्या मागे वारा अडतोय कुठला.

"घाबरू नका रे, हा मतलई वारा, जमिनीकडनं समुद्राकडे जातो. परतताना पाठीत असणार, पेडलसुद्धा मारायला लागणार नाही," इति मामा. आम्ही खूश.

फेरीबोटीने दिवाडी. तिथे खाजन शेतांच्या, म्हणजे बांध घालून खारं पाणी अडवलेल्या शेतांच्या मधून जाणारा रस्ता म्हणजे स्वर्ग आहे, खरंच सांगतो, भातकापणी झालेली, बगळे, मध्येच खारफुटी, आणि गाड्या जवळजवळ नाहीतच. बेटावरच्या पिएदाद गावात मिक्स भाजी अन् पाव दोन-दोन प्लेटी हाणले, मग दुसरी फेरी धरून नार्वेला सप्तकोटेश्वर. देव मूळचा दिवाडीचाच, पोर्तुगीजांनी तिथलं देऊळ पाडलं, मग लिंग नदीपल्याड आलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी इथे मंदिर उभं केलं. आपण आत्ता ज्या फेरीने पाच मिनिटांत आलो तेच पाणी ओलांडून देव आला असेल, हे मनात आलं आणि मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. उशीर झाला तो माझ्यामुळे, कबूल.

कारण निघालो तेव्हा बारा वाजून गेलेले. दिवाडीच्या शेतात आलो तर झाडं उलटी वाकलेली! जमीन तापली, वर गेलेल्या हवेची जागा घ्यायला समुद्राची हवा आत घुसली, म्हणजे खारे वारे, सातवीच्या भूगोलात पाच मार्काला असायचं. मामा गप्प. फेरीवरचा माणूस हसून बोलला, "आयज वारो खूब आसा." बांधावर तर टोपी गेली एकाची, थेट मिठागरात, आणायला कोणीच उतरलं नाही. शेवटचा अर्धा किलोमीटर मी सायकल हातात धरून चाललो, आणि वहिनी मला ओव्हरटेक करून गेली, तीही घंटी वाजवत.

घरी पोचलो अडीचला. घामाने निथळत बसलो तर मामी म्हणाली, पंखा लावू का, आणि सातही जणं एकदम ओरडलो, नको!