तीन तारखांचा एक सामना

आयपीएल २०२३ची चेन्नई-गुजरात अंतिम लढत कागदावर २८ मेची. प्रत्यक्षात ती २९ मेला संध्याकाळी सुरू झाली आणि ३० मेला मध्यरात्रीनंतर दीड वाजून गेल्यावर संपली. बघणाऱ्यांना ती गंमत वाटली. ज्यांच्या डेटाबेसमध्ये सामन्याची ओळख 'तारीख अधिक दोन संघ' अशी लिहिलेली होती त्यांना नाही, आणि आमच्याकडे ती तशीच लिहिलेली होती.

आमची फँटसी क्रिकेटची साइट अगदी लहान. लोक खऱ्या खेळाडूंमधून आपला संघ आणि त्याचा कर्णधार निवडतात आणि त्या खेळाडूंच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मिळवतात. तिघं जण, भाड्याचा एक सर्व्हर, अंतिम सामन्याला साडेतीन हजारांच्या आसपास संघ. प्रवेश फुकट, आणि हंगामाच्या शेवटी पहिल्याला एक इंग्लिश विलोची बॅट. फुकट ठेवण्यामागे तत्त्व वगैरे नव्हतं, सरळ हिशेब होता. प्रवेश शुल्क घेतलं की प्रत्येकाची ओळखपत्रं तपासा, जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापा, राज्याराज्यांचे वेगळे नियम सांभाळा. तिघांच्या आवाक्यातलं ते काम नाही. (ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, तेव्हा तो हिशेब आणखी सोपा झाला.)

मोठ्या संस्थांच्या सावलीत असं काही चालवायचं तर काय वापरायचं आणि काय नाही, हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं. खेळाडूचं नाव आणि त्याची आकडेवारी वापरता येते. त्याच हंगामात, २६ एप्रिल २०२३ला, दिल्ली उच्च न्यायालयाने डिजिटल कलेक्टिबल्स विरुद्ध गॅलॅक्टस फनवेअर या खटल्यात मनाईहुकूम नाकारताना हेच म्हटलं होतं: जी माहिती सगळ्यांसमोर उघडी आहे तिच्यावर कुणा एकाची मक्तेदारी नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या बाबतीत हाच वाद २००७मध्ये अपील न्यायालयात फँटसीवाल्यांच्या बाजूने सुटला होता. पण नाव वेगळं आणि फोटो वेगळा. फोटोचा कॉपीराइट छायाचित्रकाराचा किंवा एजन्सीचा, संघाचं बोधचिन्ह म्हणजे ट्रेडमार्क. म्हणून आमच्याकडे चेन्नई म्हणजे पिवळा गोल आणि गुजरात म्हणजे गडद निळा गोल. साइटच्या नावात 'आयपीएल' ही तीन अक्षरं नाहीत. दिसायला गरीब दिसतं, पण वकिलाची नोटीस आली तर उत्तर द्यायला आमच्याकडे वकील नाही.

स्कोअर मात्र विकत घ्यावा लागतो. आमचा फीड (चेंडूगणिक स्कोअर पुरवणारी सेवा) स्वस्तातला: चेंडू पडल्यावर पंधरा-वीस सेकंदांनी येणारा, दिवसाला २,००० विनंत्यांची मर्यादा असलेला. दर दहा सेकंदांनी विचारलं तर तासाला ३६०. साडेतीन-चार तासांचा ट्वेन्टी-२० सामना त्यात आरामात बसतो. पाऊस बसत नाही.

२८ तारखेला अहमदाबादेत पावसामुळे नाणेफेकसुद्धा झाली नाही. आमचं संघबंदीचं कुलूप, म्हणजे ज्यानंतर कुणालाही संघ बदलता येत नाही ते, साडेसातला आपोआप लागायचं, कारण त्याला फक्त ठरलेली वेळ माहीत होती. 'पहिला चेंडू पडला का' हा प्रश्न ते विचारतच नव्हतं. त्या रात्री आम्ही हाताने ते पंधरा-पंधरा मिनिटांनी पुढे ढकलत राहिलो. पाच षटकांचा सामना रात्री १२ वाजून ६ मिनिटांपर्यंत सुरू होऊ शकतो, हा नियम माहीत होता, म्हणून झोपताही येईना. अकराच्या सुमारास राखीव दिवसाची घोषणा झाली. ती आम्हाला कळली टीव्हीवरून. लहान साइटला क्रिकेट मंडळाकडून मेल येत नाही.

फीडवाल्यांनी मग जुना सामना 'रद्द' करून २९ तारखेचा नवा क्रमांक काढला. आमच्या नियमात 'रद्द' म्हणजे सगळ्यांना शून्य आणि सामना बंद. ते होण्याआधी आम्ही तो टप्पा हाताने थांबवला आणि साडेतीन हजार संघ नव्या क्रमांकाला जोडले. हे काम दिसतं डेटाबेसला द्यायच्या एका ओळीच्या आज्ञेचं. पण तारीखच ओळखीचा भाग असल्यामुळे संघ, कर्णधार आणि खासगी लीग (मित्रमंडळींच्या आपापसातल्या स्पर्धा) या तिन्ही टेबलांत बदल करावा लागला, आणि लीगचं टेबल विसरलं असतं तर सकाळी घराघरांतल्या पैजा गायब झाल्या असत्या. नवा सामना म्हणून कुलूप पुन्हा उघडं ठेवलं. ज्यांनी आदल्या दिवशी विचार करून संघ लावला होता ते थोडे चिडले. ते चालेल.

२९ला नाणेफेक सातला, खेळ साडेसातला. मधला हा अर्धा तास फँटसी साइटच्या कमाल भाराचा, आणि २०२३पासून तो अधिकच. त्या हंगामापासून कर्णधार नाणेफेकीनंतर अकरा जणांची यादी देतात, शिवाय इम्पॅक्ट प्लेयरसाठी, म्हणजे सामना चालू असताना एकाच्या जागी उतरवायच्या बदली खेळाडूसाठी, राखीव खेळाडूंची. यादी लागली की नावापुढे हिरवा ठिपका येतो आणि लोक ठिपका नसलेल्यांना काढून टाकतात. चेन्नईने आधी गोलंदाजी घेतली, म्हणून शिवम दुबे राखिवांत होता. ठिपका नाही. शेकडो जणांनी त्याला काढलं. तुषार देशपांडेच्या जागी तो फलंदाजीला आला आणि २१ चेंडूंत नाबाद ३२ करून गेला. तेव्हापासून आमच्याकडे राखिवांना पिवळा ठिपका आहे. एवढासा बदल, पण तक्रारी निम्म्यावर आल्या.

गुजरातच्या २१४ झाल्या, त्यात साई सुदर्शनच्या ४७ चेंडूंत ९६. चेन्नईचे तीन चेंडू झाले, धावफलकावर ४, आणि पाऊस. इथपर्यंत सगळं ठीक.

आमच्या सर्व्हरवर रोज रात्री १२:०५ला एक काम चालायचं: काल सुरू झालेला सामना, आणि शेवटचा चेंडू पडून ९० मिनिटं उलटून गेली, तर सामना संपला असं समज, गुण गोठव, क्रमवारी लाव, मेल पाठव. फीड कधीकधी 'संपला' हा शेवटचा निरोप द्यायला विसरतो, म्हणून हा तोडगा. गट साखळीच्या संपूर्ण हंगामात त्याने उपकारच केले होते. त्या रात्री दहाच्या आधी पडलेल्या चेंडूनंतर दोन तासांहून जास्त वेळ गेला होता. अंपायरांनी खेळ १२:१०ला सुरू होणार असं जाहीर केलं होतं, १५ षटकांत १७१. आम्ही त्या वेळी सुधारित लक्ष्य पानावर टाकण्यात गुंतलेलो.

१२:०५ला काम चाललं. सामना बंद, फीड विचारणं बंद, आणि मेलची रांग चालू.

"अरे, मला निकालाचा मेल आला!"

"कसला निकाल? कव्हर्स आत्ता निघालीत."

"रांग थांबव. आधी रांग थांबव, बाकी नंतर."

मेल दर पाच मिनिटांनी दोनशेच्या गठ्ठ्याने जायचे. मर्यादा मेल सेवेने घातलेली, तेव्हा तिला शिव्या देत होतो, त्या रात्री तिनेच वाचवलं. चारशे गेले, एकतीसशे राहिले. ज्या चारशे जणांना 'सामना संपला, तुमचा क्रमांक अमुक' असं कळलं त्यांना लगेच एका ओळीचा दुसरा मेल: निकाल चुकीने गेला, खेळ चालू आहे. सबब सांगत बसायचं नाही. मध्यरात्री कुणाला वाचायची नसते.

एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी. सर्व्हरची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असती तर तारीख बदललीच नसती. भारतातले मध्यरात्रीनंतरचे १:३५ म्हणजे तिथे २९ तारखेची रात्रीची ८:०५. आम्ही 'वाचायला सोपं' म्हणून भारतीय वेळ ठेवली होती. वेळ साठवायची यूटीसीत आणि दाखवायची भारतीय, हे कुणीही शिकाऊ सांगेल. आम्हालाही माहीत होतं.

१२:१६ला फीड पुन्हा सुरू केला. गुण परत मोजायला मात्र काहीच त्रास झाला नाही, कारण आम्ही खेळाडूच्या खात्यावर गुण वाढवत जात नाही. प्रत्येक चेंडू स्वतंत्र ओळ म्हणून लिहितो आणि बेरीज नेहमी पहिल्या चेंडूपासून करतो. ओळीची खूण 'षटक-चेंडू' अशी ठेवायची नाही. वाइड पडला की तोच चेंडू क्रमांक पुन्हा येतो आणि जुनी ओळ पुसली जाते. डावातला चढता अनुक्रमांक ठेवायचा. मग तोच चेंडू फीडमधून दहा वेळा आला तरी ओळ एकच राहते, आणि स्कोअररने नंतर दुरुस्ती केली तर तीच ओळ बदलते.

आणि मग कोटा, दिवसाच्या २,००० विनंत्यांचा. सात ते बारा-पाच म्हणजे ३०५ मिनिटं, मिनिटाला ६, झाल्या १,८३०. उरल्या १७०, म्हणजे २८ मिनिटं. पाऊस पडत असतानाही आम्ही दर दहा सेकंदांनी 'काही झालं का' विचारत बसलो होतो. फीडवाल्यांचा कोटा यूटीसीच्या मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला. बरोबर १२:४४ला ४२९ हा एरर कोड आला, म्हणजे 'विनंत्या जास्त झाल्या'. वरची योजना विकत घेता येते, पण त्यांचा विक्री विभाग सकाळी दहाला उघडतो.

पुढची षटकं हाताने भरली. एक जण टीव्हीसमोर बोलतोय, दुसरा टाइप करतोय, तिसरा धावफलकाच्या बेरजेशी ताडून बघतोय. टीव्हीच घ्यायचा, मोबाइलवरचं प्रक्षेपण नाही, ते काही सेकंद मागे असतं आणि दोन्ही चालू ठेवले तर एकच चेंडू दोनदा भरला जातो. चेंडूमागे सहा रकाने: गोलंदाज, फलंदाज, फलंदाजाच्या धावा, अवांतर, अवांतराचा प्रकार, बाद. झेल कोणी घेतला हे सातवं, ते त्या क्षणी भरायचं नाही. रिप्ले दाखवेपर्यंत क्षेत्ररक्षकाचा चेहरा दिसत नाही, तोवर पुढचा चेंडू येतो. नूर अहमदने एकाच षटकात ऋतुराज आणि कॉनवे दोघांना काढलं तेव्हा हीच पद्धत उपयोगी पडली. मोहित शर्माने रायुडूला आणि पुढच्याच चेंडूवर धोनीला परत पाठवलं तेव्हा मात्र बोलणाऱ्याचा आवाज बंद पडला आणि दोन चेंडू रिकामे राहिले. शेवटच्या षटकात १३ हव्या होत्या, चार चेंडूंत ३ झाल्या, मग जडेजाचा षटकार आणि चौकार. हे दोन्ही चेंडू नीट भरले गेले, हे टाइप करणाऱ्याचं श्रेय.

गुणांवरून भांडण सकाळपर्यंत चाललं. आमच्याकडे धावेला १, चौकाराला वर १, षटकाराला वर २, विकेटला २५, कर्णधाराला दुप्पट. स्ट्राइक रेटचा (शंभर चेंडूंमागे धावा) बोनस किमान १० चेंडू खेळले तरच, इकॉनॉमीचा (षटकामागे दिलेल्या धावा) किमान २ षटकं टाकली तरच. त्यामुळे रहाणेच्या १३ चेंडूंत २७ला बोनस मिळाला, रायुडूच्या ८ चेंडूंत १९ला नाही, आणि जडेजाच्या ६ चेंडूंत नाबाद १५लाही नाही. जडेजाचे फलंदाजीचे १८ आणि गिलच्या विकेटचे २५, एकूण ४३. "ओ साहेब, ज्याने कप जिंकून दिला त्याला बोनस शून्य?" असे निरोप पन्नासेक आले. चेंडूंची अट काढली तर एका चेंडूवर चौकार मारून नाबाद राहिलेल्याचा स्ट्राइक रेट ४०० होतो. अट राहिली. पावसाने षटकं कमी झाली तर ही किमान मर्यादाही कमी करायची का, हा त्यातला रास्त प्रश्न होता. गोलंदाजाला तीनच षटकं मिळत असताना दोनची अट जाचक नाही, म्हणून तीही राहिली: नूरचे ३ षटकांत १७ बोनसला पात्र, रशीदचे ३ षटकांत ४४ वजाबाकीला.

पहाटे साडेपाचला कोटा भरला आणि पूर्ण डाव पुन्हा ओढून आमच्या हाताने भरलेल्या ओळींशी लावून पाहिला. एकूण धावा १७१, दोन्हीकडे सारख्या. आम्ही सुटकेचा श्वास टाकणार तेवढ्यात फलंदाजांची बेरीज दिसली: आमची १६८, फीडची १६६. दोन अवांतर धावा आम्ही दुबेच्या खात्यावर टाकल्या होत्या. एकूण जुळलं म्हणजे वाटणी जुळली असं नसतं, आणि फँटसीत तर सगळा खेळ वाटणीचाच. दुबेला कर्णधार केलेल्यांचे चार गुण उतरले. त्यात दुसऱ्या क्रमांकाचा एक जण पाचवा झाला.

क्रमवारी सकाळी अकरानंतर लावली. १२:०५चं ते काम त्याच दुपारी काढून टाकलं. आता सामना बंद करायला बटण आहे आणि ते माणूस दाबतो. खेळ थांबलाय असं फीडने सांगितलं की विचारणं दर दोन मिनिटांनी होतं. सामन्याच्या ओळखीतून तारीख गेली. पाचव्या क्रमांकावर घसरलेल्याला चेंडूंची अख्खी यादी पाठवली. त्याने ती तपासली आणि रायुडूच्या झेलाबद्दल विचारलं: झेल आणि गोलंदाजी एकाच माणसाची असेल तर झेलाचे ८ वेगळे द्यायचे की नाही? नियमात ते लिहिलेलंच नव्हतं.