शेवटचे बारा फ्लॅट

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत ११२ फ्लॅट. मेंटेनन्सचं बिल दर तीन महिन्यांनी निघतं. खजिनदार झालो तेव्हा पहिली बिलं मी एकेक करून मेल केली, दोन संध्याकाळी त्यातच गेल्या. मग मॅक्रो, म्हणजे ठरलेलं काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायचं ठरवलं. एक्सेलचा मॅक्रो लॅपटॉपवरच्या आउटलुकमधून मेल पाठवतो, म्हणजे लॅपटॉप चालू हवाच. म्हणून हिशेब गूगल शीट्समध्ये नेला आणि अ‍ॅप्स स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे गूगलच्याच सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम. पहिल्यांदा चालवताना ‘हे अ‍ॅप गूगलने तपासलेलं नाही’ असा इशारा येतो. स्क्रिप्ट स्वतःची असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मधून पुढे जाता येतं, कुणाकडून आणलेली असेल तर आधी ओळ न् ओळ वाचा.

रोज सकाळी ९ ते १० मध्ये स्क्रिप्ट आपोआप सुरू करणारा ट्रिगर लावला. ज्यांच्यापुढे ‘पाठवले’ लिहिलेलं नाही त्यांना मेल जाईल, असा साधा हिशेब होता.

तिसऱ्या दिवशी ए विंगमधले आजोबा पावती घेऊन दारात उभे. “अहो, मी तर पहिल्याच दिवशी भरले. रोज बिल येतंय, काही चुकलं का माझं?” त्यांचा तो चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं.

रात्री ‘एक्झिक्युशन्स’, म्हणजे स्क्रिप्ट कधी चालली आणि कुठे अडली याची यादी, उघडून बघितलं. साध्या जीमेल खात्यावरून स्क्रिप्टला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतात. शंभर गेले की स्क्रिप्ट चूक दाखवून थांबायची. आणि ‘पाठवले’ हा शेरा मी सगळे मेल गेल्यावर एकदम लिहीत होतो, तिथपर्यंत ती कधी पोचलीच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. पहिल्या शंभरांना तीन-तीन मेल, सी विंगच्या शेवटच्या बारा घरांना एकही नाही. मुदत टळली असती तर त्यांना विनाकारण व्याज लागलं असतं. त्याच रात्री बाराही घरांची बेल वाजवून बिलं हातात दिली.

दुरुस्ती छोटी होती. मेल गेला की लगेच त्याच ओळीत तारीख लिहायची आणि ‘फ्लश’ करायचं, म्हणजे बदल लगेच शीटमध्ये उतरवायचा, त्यामुळे मध्येच थांबलं तरी नोंद शीटमध्ये राहते. पुढचा मेल पाठवण्याआधी आज अजून किती मेल उरलेत हे ‘गेटरिमेनिंगडेलीकोटा’ या फंक्शनला विचारून बघायचं, १५ उरले की थांबायचं. ते १५ पावत्यांसाठी.

पावत्यांनी वेगळाच घोळ घातला. भरण्याची तारीख टाकली की पावती जावी म्हणून ‘ऑनएडिट’, म्हणजे शीटमध्ये काही बदललं की आपोआप चालणारा साधा ट्रिगर, वापरलं. काहीच जाईना, आणि शीटवर कसली सूचनाही नाही. या साध्या ट्रिगरला मेल पाठवायची परवानगीच नसते. ‘ट्रिगर्स’च्या पानावरून वेगळा ट्रिगर बसवावा लागतो. शिवाय बँकेच्या स्टेटमेंटवरून सहा तारखा एकदम पेस्ट केल्या तर पहिल्याच घराला पावती गेली, कारण मी फक्त पहिल्या ओळीचा क्रमांक वाचत होतो. आता बदललेल्या सगळ्या ओळी तपासतो.

या तिमाहीत पहिल्या दिवशी ८५ बिलं गेली, दुसऱ्या दिवशी २७. शीटचा क्रमही उलटा केलाय, सी विंग आधी.